सुमन फ्रॉम आयसेलिन

आमच्या घरात बेसबॉल आला तो आईमुळे. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, आणि मला कळत असून आवडत नसे. आईचं मात्र मे महिना उजाडला की सुरू व्हायचं. फ्रिजवरचा काळा रेडिओ फडक्याने पुसून ती खिडकीत आणून ठेवायची आणि तो सप्टेंबर सरेपर्यंत तिथून हलायचा नाही. टीव्हीवर दिसणारे मोठमोठे संघ तिला चालत नसत. तिचा संघ अर्ध्या तासावरच्या एका गावातला होता, अगदी लहान लीगमधला. मोठ्यांनी घेतलं नाही, किंवा घेऊन सोडून दिलं, अशी पोरं तिथे खेळायची. त्यांचे सामने एकच खरखरणारं स्टेशन लावायचं. कॉमेंटेटर म्हातारा होता आणि मैदानात काही घडत नसलं की (बेसबॉलमध्ये बराच वेळ काही घडत नाही) तो आकाशात ढग कसे आहेत, तिसऱ्या रांगेतल्या बाईने कुठली टोपी घातली आहे, आज मोहरीचा सॉस कसा संपला, असं काहीबाही सांगत राहायचा. आईला तेच आवडायचं. "घरात कोणीतरी बोलत असल्यासारखं वाटतं," ती म्हणायची.

आमच्या आयसेलिन गावात ओक ट्री रोडवरच्या दोन साडीच्या दुकानांची फॉल-पिकोची कामं आई घरी करायची. पिको मशीनवर आणि फॉल हाताने, हा तिचा नियम. त्यामुळे माझ्या लहानपणीच्या उन्हाळ्याचा आवाज मला अजून नेमका ऐकू येतो: मशीनची खडखड, ती थांबली की सुईदोऱ्याची शांतता, आणि त्या शांततेत रेडिओवर मैदानात खेळाच्या मधे वाजणाऱ्या ऑर्गनचे चार सूर. दोऱ्याचा रंग दिवसाउजेडीच जुळतो म्हणून ती खिडकीशी बसायची, मांडीवर कुणाची तरी लग्नाची साडी, ओठांत टाचण्या, बाजूला स्टीलच्या डब्यात भडंग. आई सांगलीची. ओक ट्री रोडवर मिळणाऱ्या चुरमुऱ्यांना ती नावं ठेवायची आणि त्यांचंच भडंग करायची. त्या लसणीच्या वासाने माझ्या अमेरिकन मैत्रिणींना घरी आणायची मला लाज वाटे, हे आज लिहितानाही अंगावर काटा येतो. तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि आईने मराठीत काहीही विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देत होते.

संघापेक्षाही आईचा जीव त्याच्या मॅनेजरवर होता. त्याचं आडनाव ग्रिब्स. आई त्याला ग्रिब्सराव म्हणायची. एकदा जेवताना बाबांनी विचारलं होतं, "मॅनेजर म्हणजे तो नेमका करतो काय? तिकिटं वगैरे बघतो का?"

"छे हो. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, दमलेल्याला कधी बाहेर काढायचं, सगळं तोच ठरवतो."

"म्हणजे स्वतः खेळत नाही."

"नाही."

"हरले की बोलणी त्याला, आणि जिंकले की टाळ्या पोरांना."

"हो. माझ्यासारखंच," आई म्हणाली आणि बाबांच्या पानात आमटी वाढली.

बॉल टाकणाऱ्या पोराचं, म्हणजे पिचरचं, काही जमेनासं झालं की ग्रिब्स उठून मैदानाच्या मधोमध जायचा. त्याचे गुडघे दुखरे होते, त्यामुळे हा प्रवास लांबायचा आणि कॉमेंटेटर त्याचं पाऊल न् पाऊल सांगायचा. इतर मॅनेजर हात पुढे करून बॉल मागून घेतात. हा म्हणे नुसता शेजारी उभा राहायचा आणि पोराने आपण होऊन बॉल दिला तरच घ्यायचा. तेवढा वेळ आईची सुई कापडात अर्धी राहायची. मला यात ऐकण्यासारखं काय आहे ते कळत नसे. आईने एवढ्या वर्षांत एकदाही मैदान पाहिलं नव्हतं. तिला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटे, आणि बाबा "नेऊ का?" म्हणाले की "मला ऐकायलाच बरं वाटतं," असं म्हणून ती विषय संपवायची.

त्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमारास बातमी आली की ग्रिब्स हा सीझन संपला की जाणार. गुडघे आता ऐकत नाहीत, तो बहिणीजवळ राहायला जाणार होता. आईने चालू सामना बंद केला. तिला असं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. सांगलीहून आजीचा फोन आला तेव्हा तिने तिलाही सांगितलं. फोन स्पीकरवर होता. आजी म्हणाली, "मॅनेजरच ना? बदली झाली असेल. आपल्या बँकेतला पण गेला की मागच्या महिन्यात." आई हसली नाही.

मग ती दुपार आली. शाळेनंतर माझी व्हायोलिनची प्रॅक्टिस असे आणि मॅडी नावाच्या मैत्रिणीची आई, मिसेस डोनाटो, आम्हा दोघींना घरी सोडायची. त्यांच्या गाडीत तेच स्टेशन लागलेलं होतं, कारण मिसेस डोनाटोंचे वडील त्या संघाचे जुने चाहते. सामना नव्हता. लोक फोन करून ग्रिब्सला थँक्यू म्हणत होते आणि सूत्रसंचालक एकेकाचं नाव घेऊन बोलावत होता. एक प्लंबर होता, एक स्कूल बस चालवणारी बाई होती. एका माणसाने सांगितलं की बायको गेल्यावर तो रोज मैदानावर जाऊन बसे आणि ग्रिब्स त्याला हात करायचा, एवढंच. मी मागच्या सीटवर कंटाळून खिडकीबाहेर बघत होते. तेवढ्यात सूत्रसंचालक म्हणाला, "आता आपल्याबरोबर आहेत सुमन फ्रॉम आयसेलिन."

"हॅलो, गुड आफ्टरनून," माझी आई म्हणाली. "धिस इज माय फर्स्ट टाइम कॉलिंग."

आपल्या आईचा आवाज परक्यांच्या गाडीत, चार स्पीकरमधून, आपल्याला सोडून सगळ्या जगाशी बोलताना ऐकणं काय असतं ते मला सांगता येणार नाही. तिचं इंग्रजी मला माहीत होतं, त्यातल्या प्रत्येक शब्दावर सांगलीचा शिक्का असे. पण ते इतकं सावकाश, इतकं नीट कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, आठ वर्षं मी रोज ऐकते. ती म्हणाली, मिस्टर ग्रिब्स यांना माझा नमस्कार सांगा, तुम्ही पहिल्या वर्षी जे बोललात ते मला फार उपयोगी पडलं. सूत्रसंचालकाने विचारलं, "छान! आणि तुम्ही सामने कोणाबरोबर ऐकता, सुमन?"

मग आई म्हणाली, "विथ माय सन."

"केवढा आहे तो?"

"ऑक्टोबरमध्ये आठ वर्षांचा होईल."

"आणि त्याला काय आवडतं सगळ्यात जास्त?"

"ऑर्गन," आई म्हणाली. "ऑर्गन वाजला की तो नाचतो. आणि मिस्टर ग्रिब्स पिचरकडे चालायला लागले की एकदम शांत होतो."

"मग रविवारी त्याला घेऊनच या, सुमन. शेवटचा सामना आहे, नंतर सगळ्यांना खाली मैदानात सोडणार आहेत. मी ग्रिब्सला सांगून ठेवतो."

"ओके," आई म्हणाली. "थँक्यू." आणि दुसरा कोणी बोलू लागला.

मला भाऊ नव्हता. मी एकुलती एक होते, आमच्या घरात तीनच टूथब्रश होते. मॅडीने वळून विचारलं, "तुझ्या आईचं नाव सुमन आहे ना? तुला भाऊ आहे?" मी म्हणाले, "ही माझी आई नाही. आयसेलिनमध्ये खूप सुमन आहेत." मिसेस डोनाटोंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

घरी आले तर आई नेहमीसारखी होती. तिने गरम थालीपीठ वाढलं, वर लोणी घातलं, व्हायोलिन ओट्यावर ठेवलं म्हणून रागावली. मी खाता खाता तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ही बाई खोटं बोलू शकते असं मला कधी वाटलं नव्हतं; दुकानदाराने चुकून एक दोऱ्याचं रीळ जास्त दिलं तर परत द्यायला जाणारी ती. मी मनाशी कारणं शोधली. इंग्रजीत तिचा 'ही' आणि 'शी'चा घोटाळा व्हायचा, म्हणजे तिला मुलगी म्हणायचं असेल. पण मी आठची नव्हते, नाचत नव्हते, आणि तिच्याबरोबर एक सामनाही ऐकत नव्हते. मग वाटलं, तिला मुलगाच हवा होता आणि मी झाले. हा विचार दोन दिवस पोटात राहिला. मग त्याहून वाईट शंका आली की तिचं डोकं फिरलं आहे. मी फोटोंचे अल्बम काढून पाहिले. सगळीकडे मीच होते.

शुक्रवारी बाबा गॅरेजमध्ये गाडीच्या चाकांतली हवा बघत होते. बाबा वेस्ट विंडसरला एका प्रयोगशाळेत काम करत. मुळात कमी बोलणारे, आणि जे बोलत ते नागपूरचं. मी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "बाबा, डू आय हॅव अ ब्रदर?"

ते वाकलेले होते ते तसेच राहिले. "काय बोलून राहिली तू?"

"भाऊ. मला भाऊ आहे का?"

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही."

"मग जा, अभ्यास कर."

मी आत आले आणि जिन्यावर बसले. किती तरी वेळाने माझ्या लक्षात आलं की बाबा 'नाही' म्हणाले नव्हते.

शनिवारी दुपारी आई एका हिरव्या साडीला फॉल लावत होती आणि बाबा टेबलाशी पेपर वाचत होते. ती मान वर न करता म्हणाली, "उद्या मैदानावर जायचंय मला. शेवटचा सामना आहे." बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "जाऊ की." एवढ्या सहज! मला काय झालं कोण जाणे. मी इंग्रजीत ओरडले की मग कोणाला घेऊन जाणार आहेस, तुझ्या त्या मुलाला का? मी रेडिओ ऐकला, सगळ्यांनी ऐकला, तू खोटं बोललीस.

आईने ओठांतल्या टाचण्या काढून एकेक करून टाचण्यांच्या छोट्या गादीत टोचल्या. बाबा उठले आणि मागच्या अंगणात निघून गेले. त्यांनी दार इतक्या हळू लावलं की आवाज झाला नाही. आई म्हणाली, "बस." मी बसले नाही. मग तिने सांगितलं ते मी उभ्यानेच ऐकलं.

मी सहा वर्षांची असताना तिला पुन्हा दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, झोपून राहायचं, उठायचं नाही. म्हणून मला त्या उन्हाळ्यात वेस्ट विंडसरला ओळखीच्या वैद्य काकूंकडे ठेवलं होतं. बाबा कामावर जायचे आणि आई दिवसभर एकटी पलंगावर. आमच्या तेव्हाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आधीच्या भाडेकरूचा एक रेडिओ पडून होता, त्यावर ते एकच स्टेशन लागायचं. पहिले पंधरा दिवस तिला काही कळलं नाही. मग हळूहळू कळू लागलं, कारण कॉमेंटेटर एकच गोष्ट चारदा सांगायचा. ग्रिब्सचं ते पहिलंच वर्ष, आणि संघ रोज हरत होता. "ऑर्गन वाजला की तो लाथा मारायचा," आई म्हणाली. "अगदी नेमका. मी तुझ्या बाबांचा हात ठेवून दाखवलं होतं. आणि ग्रिब्सराव चालायला लागले, लोक गप्प झाले, की तोही गप्प." ऑगस्टमध्ये, आठवा लागला होता तेव्हा, एक दिवस ऑर्गन वाजला आणि काही झालं नाही. तिने पुढच्या इनिंगपर्यंत वाट पाहिली. मग बाबांना फोन केला.

"हॉस्पिटलमधून घरी आले तर खोली रिकामी. पाळणा, कपडे, सगळं यांनी हलवलेलं. चांगल्यासाठीच हो. मला दिसू नये म्हणून. सांगलीहून सगळ्यांचे फोन, झालं गेलं विसर, पुढचं बघ. कोणी त्याचं नाव काढायचं नाही. नावच नव्हतं म्हणा. तुझे बाबा तर..." तिने अंगणाच्या दाराकडे पाहिलं. "मग सप्टेंबरमध्ये शेवटचा सामना झाला आणि रेडिओवाल्याने ग्रिब्सरावांना विचारलं, हा सीझन विसरून जावा असाच होता, नाही का? ते म्हणाले, नाही. मी नाही विसरणार. ही माझी पोरं आहेत, हा सीझन माझ्यासाठी झालेला आहे. बस, एवढंच. मला वाटलं, चला, कोणीतरी एक जण म्हणालं."

"पण तो बेसबॉलबद्दल बोलत होता," मी म्हणाले.

"मग? मला काय माहीत नाही?" आई चिडली. "आणि खोटं म्हणशील तर, त्याने विचारलं कोणाबरोबर ऐकता, माझ्या तोंडून गेलं. माझं मलाच कळलं नाही. त्याने वय विचारलं तर तेही तयार होतं." मग जरा थांबून ती म्हणाली, "त्या चार महिन्यांत मी तुला ताई म्हणायचे. रोज फोनवर. ताई, जेवलीस का? ताई, काकूंना त्रास देत नाहीस ना? आठवतं?"

मला आठवलं नाही. आज इतकी वर्षं झाली, माझे केस आईच्या तेव्हाच्या केसांहून पांढरे झाले, तरी कितीही ताण दिला तरी आठवत नाही. आठवतात ते वैद्य काकूंच्या सोसायटीतला तलाव, त्यात मी पोहायला शिकले तो दिवस, आणि रोज दुपारी मिळणारी आंब्याची कुल्फी. माझ्या लहानपणातला सगळ्यात सुखाचा उन्हाळा कोणता असं मला कोणी विचारलं असतं तर मी तोच सांगितला असता. हे दोन उन्हाळे एकच आहेत हे मी कसं समजून घ्यायचं ते मला त्या शनिवारी कळलं नाही. मला दुःख झालं का? खरं सांगायचं तर, नक्की नाही. ज्याला पाहिलं नाही त्याचं दुःख कसं करतात ते मला येत नव्हतं. मला सगळ्यात जास्त काळजी वाटत होती ती उद्याची. त्या सूत्रसंचालकाने सांगून ठेवलं असेल, आणि आई कोणाला दाखवणार होती?

रविवारी आईने साडी नेसली. निळी, इरकल. मैदानावर बाकी सगळे टोप्या आणि टी-शर्टमध्ये. आत शिरल्यावर ती पायऱ्यांवर थबकली आणि म्हणाली, "एवढंसंच?" रेडिओवरून तिला ते फार मोठं वाटलं होतं. लाकडी बाकं होती, रंग उडालेले फलक होते, ऑर्गनवर एक चष्मेवाली बाई बसली होती. ती वाजवू लागली तेव्हा मी आईकडे बघायचं टाळलं आणि नेमकं बाबांकडे पाहिलं. ते दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले होते, थंडी वाजत असल्यासारखे. सामना काय झाला ते मला आठवत नाही. हरले असावेत. शेवटी लाउडस्पीकरवर सांगितलं की ज्यांना ग्रिब्सला भेटायचं आहे त्यांनी खाली यावं, आणि शे-दोनशे माणसं कुंपणाच्या फाटकातून गवतावर उतरून रांगेत उभी राहिली. अगदी मंदिरातल्यासारखी रांग. कोणी फोटो आणले होते, कोणी जुन्या टोप्या. एका आजीबाईंनी घरी ॲपल पाय भाजून आणला होता. प्रत्येक जण जवळ गेला की तेच दोन शब्द, थँक्यू ग्रिब्स, म्हणत होता आणि बाजूला होताना डोळे पुसत होता. मला हे विचित्र वाटत होतं. आठ वर्षांत हा माणूस जिंकला कमी आणि हरलाच जास्त, मग ही एवढी माणसं थँक्यू कशाबद्दल म्हणत होती? बाबाही तोच विचार करत असावेत. ते माझ्या कानाशी म्हणाले, "आपल्याकडे रिटायर होताना शाल-नारळ देतात. पण रांग लावून रडत नाही कोणी."

ग्रिब्स बुटका निघाला. आईच्या डोक्यात तो उंच होता हे तिने नंतर सांगितलं. तो एका स्टुलावर बसला होता, शेजारी खोक्यात नवे बॉल, हातात पेन. आमची पाळी आली. आईने हात जोडले. "मिस्टर ग्रिब्स, आय ॲम सुमन—"

"फ्रॉम आयसेलिन!" म्हातारा एकदम उजळला. "रेडिओवरच्या तुम्ही! मला सांगितलंय त्यांनी. ऑर्गनवर नाचणारा मुलगा." त्याने माझ्याकडे पाहून हसून मान हलवली आणि मग आमच्या मागे, आमच्या बाजूंना बघितलं. "कुठाय तो?"

आईचे हात जोडलेलेच राहिले. मागे माणसं उभी होती. मला वाटलं, मी काहीतरी बोलावं, तो आजारी आहे म्हणावं, पण मी खोक्यातल्या बॉलकडे बघत राहिले. ग्रिब्सला काही कळलं नव्हतं. त्याने खोक्यातून एक बॉल उचलला, मांडीवर धरला आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं. "काही हरकत नाही, त्याच्यासाठी घेऊन जा. नाव काय त्याचं?"

आईची नजर बॉलवर गेली.

"शंतनू," बाबा म्हणाले.

ते आमच्या मागे होते, पुढे आले. आवाज अगदी साधा होता, बँकेत नाव सांगावं तसा. ग्रिब्सने विचारलं कसं लिहायचं, आणि बाबांनी एकेक अक्षर सांगितलं. तो हळूहळू लिहीत होता, आणि प्रत्येक अक्षरानंतर बाबा थांबत होते. आई बाबांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला माझ्याकडे आजही शब्द नाही. ओळखीच्या घरात एक खोली जास्त निघाली तर माणूस जसा बघेल तसं काहीसं.

"त्याला यायला जमलं नाही का?" ग्रिब्सने बॉलवर फुंकर घालत विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "ही कुड नॉट कम."

"मग त्याला माझ्याकडून सांगा," म्हातारा म्हणाला आणि त्याने बॉल आईच्या ओंजळीत ठेवला. "ग्रिब्सने थँक्यू म्हटलंय म्हणावं. आम्ही रोज हरत होतो तेव्हा ऐकणारे फार नव्हते."

आई "येस" म्हणाली. जे ती आठ वर्षं त्याला सांगणार होती त्यातलं एक अक्षरही बोलून झालं नाही. मागचा माणूस पुढे सरकला आणि आम्ही बाजूला झालो.

बाबांनी पार्किंगमधून गाडी काढली. आम्ही हायवेला लागलो. मी मागे बसले होते, मला फक्त त्यांच्या डोक्यांच्या मागच्या बाजू दिसत होत्या. मग आई म्हणाली, "शंतनू?"

बाबा समोर बघत होते. "हॉस्पिटलच्या फॉर्मवर लिहायचं होतं. तू झोपली होती. नावाचा रकाना होता. ती नर्स म्हणाली, रिकामा सोडला तरी चालतो." त्यांनी इंडिकेटर लावला, लेन बदलली, इंडिकेटर बंद केला. "मला नाही सोडता आला."

"आणि आठ वर्षं सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलं नाही."

"मला काय माहीत, असं काही विचारायचं असतं ते!"

मला वाटलं आता ती रडेल, आणि मग बाबाही, आणि ही गाडी कोण चालवणार? आईने बॉल हातात फिरवला, अक्षरं पुन्हा वाचली. मग म्हणाली, "पण शंतनू? शंतनू कोण ठेवतं हो? तुमच्या आत्यांचा तो शंतनू, दहावीला तीनदा बसलेला—"

"दोनदा."

"तीनदा! तुमच्या आईंनीच सांगितलंय मला."

"बरं, तीनदा. मग तू काय ठेवणार होती?"

बाहेर पाट्या मागे जात होत्या. "मिहिर," ती म्हणाली.

"मिहिर!" बाबा म्हणाले. "नागपुरात त्याचा मिहऱ्या झाला असता."

"आणि शंतनूचा शंत्या झाला नसता का?"

"शंत्या बरं आहे. शंत्याला वजन आहे."

आणि ते दोघं भांडू लागले. आवाज चढवून, एकमेकांचं वाक्य तोडून, माहेर-सासरचे सगळे नातेवाईक मध्ये आणून. माझ्या जन्मापासून मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, का उलटं होतं, मला कळेना. बाबांचे कान लाल झाले होते. हे भांडण आहे, की रडणं आहे, की आणखी काही, आणि मी यात कुठे बसते, मला काहीच कळत नव्हतं. हे भांडण कधी मिटलंही नाही. बाबा शेवटपर्यंत शंतनूच म्हणत राहिले. आई अजून, तो विषय निघाला की, हट्टाने मिहिर म्हणते.

त्या दिवशी गाडीत, कुठल्या तरी मामाच्या नावावरून खटका उडाल्यावर, आई एकदम मागे वळली. तिने डोळे पदराने पुसले आणि मला विचारलं, "तुझं काय म्हणणं गं? तू सांग."

मला घरात अशा गोष्टी कोणी विचारत नसे. इंग्रजीत सुरुवात केली, ती जमली नाही. मग मी मराठीत म्हणाले, "मला दोन्ही नाही आवडली."

समोरचं भांडण थांबलं.

"मग?" आई म्हणाली.

"थांबा," मी म्हणाले, "मला विचार करू द्या."

"कर," बाबा म्हणाले, आणि त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "घाई नाही."